किट बॅगेतला पावसाळा

जून उजाडला की देशात बहुतेक ठिकाणी क्रिकेटचं सामान माळ्यावर चढतं. मुंबईत ते खाली उतरतं. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची कांगा लीग १९४८ साली सुरू झाली ती मुद्दाम पावसाळ्यात खेळायची म्हणूनच. विजय मर्चंट यांचा त्यामागे पुढाकार होता. उघडी खेळपट्टी, घोटाभर गवत, कितीही जोरात मारला तरी चिखलात रुतून बसणारा चेंडू आणि मधेच सर आली की तंबूकडे धावणारे खेळाडू. अशा विकेटवर जो टिकला तो कुठेही टिकेल, हा मुंबई क्रिकेटचा जुना अभिमान. या लीगने शहराला किती फलंदाज दिले याच्या कथा भरपूर छापून आल्या आहेत. तिने घराघरांत सोडलेल्या वासाबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

हा वास किट बॅगेचा. रविवारी संध्याकाळी बॅग घरी येते आणि पलंगाखाली नाहीतर दाराआड सरकवली जाते. तिची चेन पुन्हा उघडते ती बुधवार-गुरुवारी, नेटला जाताना. मधल्या दिवसांत आत काय घडलं हे पाहायचं तर एक बॅटिंग ग्लोव्ह हातात घ्यावा. तळव्याचं मेंढीचं कातडं सामन्याआधी मऊसूत होतं, ते आता पापडासारखं कडक झालेलं असतं आणि त्यावर मिठाच्या पांढुरक्या रेघा उमटलेल्या असतात. मनगटाच्या पट्टीची कड काळपट पडलेली. आत बोट घातलं की अस्तर थंड आणि किंचित चिकट लागतं, अंगठ्याच्या बेचक्यात तर अजून ओलच असते. ग्लोव्ह नाकाजवळ न्यायची वेळ येत नाही. त्याखाली थायपॅडचा इलॅस्टिक पट्टा, पॅडची गुडघ्यामागची बाजू, हेल्मेटच्या कपाळाचा स्पंज, वाळलेल्या चिखलाचे स्पाइक्स. आणि सगळ्यात तळाशी मोज्यात गुंडाळून ठेवलेला गार्ड.

खेळाडूला स्वतःला हे फारसं जाणवत नाही. सारखा येणारा वास नाक थोड्याच वेळात नोंदवेनासं होतं. त्यामुळे किटचा वास हा कायम दुसऱ्याचा प्रश्न असतो: आईचा, त्याच खोलीत झोपणाऱ्या बहिणीचा, सकाळच्या लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा. लगेजच्या डब्यात मासळीच्या पाट्यांशेजारी ती बॅग कशीबशी खपून जाते, एवढंच.

गंमत म्हणजे खेळ जसजसा सुरक्षित होत गेला तसतसा त्याचा वास वाढला. एके काळी फलंदाजाच्या अंगावर पॅड, ग्लोव्ह आणि गार्ड सोडले तर फारसं काही नसे. पॅडमध्ये वेताच्या काड्या आणि कापूस, बाहेरून कॅनव्हास किंवा कातडं. १९७७-७८ मध्ये केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये डेनिस अ‍ॅमिस मोटारसायकलवाल्याच्या धर्तीचं हेल्मेट घालून उतरला, तेव्हा बघ्यांना हसू आलं होतं. आज शाळेच्या संघातला बारा वर्षांचा मुलगाही हेल्मेट, थायपॅड, आतल्या मांडीचं पॅड, आर्म गार्ड, कधी चेस्ट गार्ड असा जामानिमा करून जातो. या सगळ्यात फोम असतो. फोमचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात बुडबुडे बंद असतात, पाणी आत शिरत नाही. वरून पुसलं की काम झालं. दुसऱ्यात बुडबुडे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे तो सरळ स्पंजच. अंगाला मऊ लागतो तो हा दुसरा, आणि म्हणून शरीराला टेकणाऱ्या बाजूला बहुतेक वेळा तोच लावलेला असतो. घाम तो प्यायला की सहजासहजी परत देत नाही.

आता घामाची बाजू. त्याच्यावर आळ येतो, पण ताजा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. बहुतांश पाणी, थोडं मीठ, लॅक्टेट, युरिया आणि किंचित अमिनो आम्लं. वास तयार करतात ते त्यावर पोसणारे जिवाणू. काखेतल्या वेगळ्या ग्रंथींमधून येणाऱ्या घामावर स्टॅफिलोकोकस होमिनिस नावाचा जिवाणू काम करतो आणि कांद्याच्या जातीची, गंधकयुक्त संयुगं सोडतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यासाठी लागणारं नेमकं विकरही शोधून काढलं आहे. पण किट बॅगेत काखेचा वाटा कमी. तिथं राज्य हातापायांचं. दोन्ही तळपायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात, तळहातही त्याच जातीचे. इथल्या घामातलं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल जिवाणू मोडतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल निघतं. बुटांना जो खवट, जुन्या चीजसारखा वास येतो तो प्रामुख्याने याचा.

चीजची उपमा नुसती उपमा नाही. लिम्बर्गर नावाच्या उग्र युरोपीय चीजच्या सालीवर ब्रेव्हिबॅक्टेरियम कुळातला जो जिवाणू वाढवला जातो, त्याचे सख्खे भाऊबंद माणसाच्या पायाच्या बोटांमध्ये राहतात. बार्ट नोल्स या डच कीटकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं की आफ्रिकेत मलेरिया पसरवणारी अ‍ॅनॉफिलिस गॅम्बिए डासाची मादी माणसाच्या पावलांच्या वासाकडे जितकी ओढली जाते तितकीच या चीजकडेही. २००६ साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल पुरस्कार मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात. बुटांच्या वासाची आणि त्याची गाठ पुढे पुन्हा पडायची होती.

कपड्यांचं प्रकरण थोडं निराळं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २६ जणांना तासभर व्यायामाची सायकल मारायला लावली, त्यांचे टी-शर्ट २८ तास ठेवून दिले आणि मग वास घेणाऱ्या प्रशिक्षित मंडळींपुढे ठेवले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पॉलिस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा स्पष्टपणे जास्त वास मारणारे ठरले. मायक्रोकोकस नावाचे जिवाणू पॉलिस्टरवर जोमाने वाढले होते. सुती धागा घाम स्वतःच्या आत ओढून घेतो. पॉलिस्टर पाणी आत घेत नाही, मात्र तेलकट पदार्थ घट्ट धरून ठेवतो, आणि वासाची बरीच संयुगं तेलाच्या बाजूची असतात. ‘घाम लगेच वाळतो’ अशी जाहिरात केलेली जर्सी खरोखरच लगेच वाळते. वास तेवढा तिच्यात राहून जातो. पांढऱ्या सुती पँट-शर्टात दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या जुन्या पिढीचे कपडे आजच्या रंगीत टी-ट्वेंटी जर्सीपेक्षा कमी वास मारत असतील, तर त्याचं कारण त्यांच्या शिस्तीत शोधायला नको.

पावसाळ्यातला तो ठरावीक कुबट वास, धुतलेल्या कपड्यांनाही येणारा, याचा छडा जपानमध्ये लागला. तिथंही पावसाळी दमटपणा आणि घरातच कपडे वाळवायची सवय. काओ या साबण-डिटर्जंटच्या कंपनीतल्या संशोधकांनी २०१२ साली मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूवर बोट ठेवलं. कपडा ओला असताना तो एक विशिष्ट आम्ल तयार करतो आणि ओल्या फडक्याचा वास त्याचाच असतो. हा जिवाणू वाळण्याला आणि अतिनील किरणांना बऱ्यापैकी दाद देत नाही. कपडा कोरडा झाला की निपचित पडतो, पुन्हा ओल लागली की कामाला लागतो. धुऊन इस्त्री केलेली जर्सी घालून पहिल्या दोन षटकांतच जुना वास परत का येतो, याचं उत्तर इथं आहे. वास गेलेला नसतो, तो वाट बघत असतो.

एवढ्या सगळ्या जिवाणूंची नावं वेगळी, पण त्यांची मागणी एकच: ओल आणि निवांत वेळ. घाम किती आला यापेक्षा तो आल्यावर वस्तू किती तास ओली राहिली हे जास्त महत्त्वाचं. मुंबईत जुलैमध्ये सांताक्रूझला सरासरी ८०० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवाच मुळात पाण्याने भरलेली असते. चेन लावलेली रेक्झिनची बॅग म्हणजे त्या हवेतही आणखी कोंडलेली जागा. जिवाणू पाळायचे म्हणून कुणी खास पेटी बनवली असती तर तीही याहून फार वेगळी झाली नसती.

२०२५ चा इग नोबेल पुरस्कार भारतात आला तो अशाच एका कोंडलेल्या जागेमुळे. शिव नाडर विद्यापीठातले विकास कुमार आणि त्यांचे माजी विद्यार्थी सार्थक मित्तल यांनी वसतिगृहाच्या खोल्यांबाहेर काढून ठेवलेले बूट पाहिले आणि प्रश्न विचारला: मुलं बूट बाहेर का ठेवतात? रॅक तर आत आहेत. १४९ विद्यार्थ्यांना विचारल्यावर उत्तर मिळालं ते वासाचं. सोडा शिंपडणं, चहाच्या पुड्या ठेवणं असे घरगुती उपाय करून ती मुलं थकली होती. मग या दोघांनी अतिनील दिवा बसवलेला बुटांचा रॅक तयार केला आणि खेळाडूंचे भरपूर वापरलेले बूट त्यात ठेवून पाहिले. लक्ष्य होतं कायटोकोकस सेडेंटेरियस हा जिवाणू. दोन-तीन मिनिटांच्या प्रकाशात मूळ वास जवळपास गेला. पंधरा मिनिटं ठेवले तेव्हा बूट तापले आणि रबर जळल्याचा वास यायला लागला. याच जिवाणूमुळे कायम ओले मोजे वापरणाऱ्यांच्या तळव्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. त्वचारोगतज्ज्ञांना पावसाळ्यात ते हमखास बघायला मिळतात.

अतिनील दिव्याची अडचण एवढीच की तो दिसेल तिथंच मारतो. ग्लोव्हच्या बोटाच्या टोकाशी, फोमच्या आत, शिवणीच्या घडीत त्याचा प्रकाश पोचत नाही. शिवाय तो डोळ्यांना आणि कातडीला घातक, त्यामुळे घरात उघडा लावायची वस्तू नव्हे. कॅनडा-अमेरिकेत आइस हॉकीवाले त्यासाठी ओझोनची कपाटं वापरतात. त्यांचं किट आपल्या क्रिकेटच्या दुप्पट-तिप्पट आणि त्याचा वास तिकडे दंतकथेइतका प्रसिद्ध. ओझोन वायू असल्याने खोलवर शिरतो. पण तो फुप्फुसाला वाईट आणि नैसर्गिक रबराला तर शत्रूच, रबराला चिरा पाडतो. बॅटची ग्रिप, बुटाचे सोल, इलॅस्टिक यांचं काय होईल ते सांगायला नको. चांदीचे सूक्ष्म कण घातलेले ‘वासमुक्त’ मोजेही बाजारात आहेत. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली असे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले, तर काहींमधली चांदी मोजक्या धुण्यांतच पाण्यात उतरून गेली. चांदी गटारात आणि वास पायात.

घरगुती उपायांत थोडं तथ्य आणि बराच गोंधळ आहे. खाण्याचा सोडा खरंच काम करतो, कारण बुटातला वास आम्लाचा आहे. आयसोव्हॅलेरिक आम्ल सोड्याशी मिळालं की त्याचं मीठ बनतं आणि मीठ हवेत उडत नाही, म्हणजे नाकापर्यंत येत नाही. व्हिनेगर उलट्या बाजूने उपयोगी: अमोनियासारखा वास असेल तर तो बसवतो, आणि त्याच्या आंबटपणात बरेच जिवाणू मंदावतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवायची फॅशन आहे. फेस बघायला छान दिसतो. पण दोघांनी एकमेकांनाच संपवलेलं असतं आणि खाली उरतं ते जवळपास निरुपयोगी खारट पाणी. तुरटी मात्र खरी गुणी. न्हाव्याच्या दुकानातला तो पांढरा खडा घाम आवळतो आणि जिवाणूंना आळा घालतो. रात्री तुरटीच्या पाण्यात पाय बुडवून बसणारे जुने खेळाडू वेडे नव्हते.

अत्तरी फवारे वासावर वास चढवतात, आणि दोन वास मिळून तिसरा तयार होतो, जो पहिल्या दोघांपेक्षा सहसा वाईट असतो. काही महागड्या फवाऱ्यांमध्ये स्टार्चपासून बनवलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन असतं. त्याचे पोकळ रेणू वासाच्या रेणूंना पोटात घेतात. ते चालतं, पण कारखाना चालू असताना धूर पकडण्यासारखं. डांबराच्या गोळ्या बॅगेत टाकण्याची सवय तर सोडूनच द्यावी. त्या वास मारत नाहीत, फक्त दाबतात, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे अशा लहान मुलांना नॅफ्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. बूट पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवणारेही आहेत. थंडीत जिवाणू झोपतात, मरत नाहीत. आणि खालच्या कप्प्यातल्या पिठल्या-भाकरीला त्याची झळ बसते ती वेगळीच.

उपाय खरं तर टीव्हीवर रोज दिसतो. कसोटी सामन्यात कॅमेरा सीमारेषेकडे वळला की तिथं ग्लोव्हच्या जोड्या उन्हात उताण्या पडलेल्या दिसतात. दर काही षटकांनी बारावा खेळाडू कोरडी जोडी घेऊन आत धावतो आणि ओली बाहेर आणून पसरतो. ग्लोव्हला श्वास घ्यायला वेळ मिळतो, म्हणून तो सडत नाही. यात रसायन काहीच नाही. तीन-चार जोड्या, ऊन आणि बारावा खेळाडू. क्लबच्या पोराकडे यातली एकही गोष्ट नसते.

सगळ्यात जास्त तुटवडा जागेचा. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारं घर वर्षानुवर्षं २६९ चौरस फुटांचं होतं, नंतर ते ३०० झालं. चाळीतली खोली दहा बाय बारा. त्यात पाच माणसांचे कपडे वाळत घालायच्या दांड्या, गॅलरीला लावलेली ग्रील, तिच्यावर ताडपत्री आणि बाहेर धो धो पाऊस. पॅडची एक जोडी पसरायची म्हटली तर एका माणसाची झोपायची जागा जाते. बॅग बंद करून पलंगाखाली ढकलली जाते ती आळसामुळे कमी आणि चौरस फुटांमुळे जास्त. खेळाडूच्या अस्वच्छतेवर बोट ठेवणाऱ्यांनी एकदा त्याच्या घरातली दोरी मोजावी.

आणि वाळवायचं काम करतं कोण? मुंबई क्रिकेटच्या आठवणींमध्ये पहाटेचा सराव, कोचची थप्पड, मैदानावरचा वडापाव हे सगळं येतं. सोमवारी सकाळी चिखलाने माखलेला पांढरा पोशाख बादलीत भिजवून ब्रशने घासणारी आई त्यात फारशी येत नाही. मैदानावरच्या तंबूत क्लबचं सामान सांभाळणारा माळीही येत नाही. पाऊस थांबला की क्लबचे पॅड तंबूच्या दोऱ्यांवर टांगायचे आणि सर आली की धावत आत घ्यायचे, हे काम त्याच्या रोजच्या कामाच्या यादीत कुणी लिहिलेलं नसतं, तरी तो करतो.

एवढ्या जागेतही काही करता येतं. घरी आल्यावर बॅग पहिल्यांदा उलटी करून रिकामी करायची आणि चेन उघडी टाकून पंख्याखाली ठेवायची. बराच वास बॅगेच्या अस्तराचा असतो. बुटातले सोल बाहेर काढायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे. रद्दीचा कागद पाणी झपाट्याने ओढतो. ग्लोव्ह मशीनमध्ये टाकायचा नाही. कातड्यातलं तेल निघून जातं आणि ते तडकतं. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं बाहेरून फिरवायचं, आतली बाजू मऊ दातघासणीने हलकीच घासायची, पुन्हा साध्या पाण्याच्या फडक्याने पुसायचं, म्हणजे मीठ निघतं. मीठ काढणं विसरतात बहुतेक जण, आणि तेच मीठ पावसाळी हवेतली ओल परत ओढून घेतं. मग मनगटाचं तोंड उघडं राहील असं चिमट्याने टांगायचं, सावलीत, वाऱ्याच्या दिशेने. कातड्याला कडक ऊन सोसत नाही. आतले सुती इनर ग्लोव्ह स्वस्त असतात. ते तीन-चार ठेवले आणि प्रत्येक सत्राला बदलले की मुख्य ग्लोव्हपर्यंत घाम फार कमी पोचतो. पूर्ण किटमधली पैसे वसूल करणारी वस्तू कुठली असेल तर ही. जर्सी धुताना सॉफ्टनर टाळावा; पॉलिस्टरवर त्याचा थर बसतो आणि त्याखाली वास सुरक्षित राहतो. हेल्मेटचं कवच आणि जाळी सौम्य साबणाने पुसावी, अस्तर निघत असेल तर काढून धुवावं.

कोल्हापूरच्या तालमींनी हा प्रश्न कितीतरी आधी सोडवला होता, आणि तोही साहित्य न धुता-वाळवता. तालमीत पैलवानांचं मुख्य साहित्य म्हणजे माती. शेकडो अंगांचा घाम रोज तिच्यात जिरतो, तरी मोतीबाग किंवा गंगावेस तालमीच्या आखाड्यात पाय ठेवला की दर्प येत नाही. येतो तो गार, किंचित आंबट, हळदीचा वास. तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर मिसळतात. प्रमाण ज्या त्या वस्तादाचं. ताक आणि लिंबाने मातीला आंबटपणा येतो आणि तो अनेक जिवाणूंना मानवत नाही. तेलामुळे माती भुसभुशीत राहते, धूळ उडत नाही. पण खरं काम फावड्याचं. पहाटे कुस्ती सुरू होण्यापूर्वी पैलवान आखाडा उकरून माती खालवर करतात. खालची ओलसर माती हवेवर येते, वरची तळाशी जाते. हा व्यायामच मानला जातो आणि नव्या पोराच्या वाट्याला आधी तो येतो. म्हणजे देखभालीचं काम खेळाच्या आतच बसवलेलं, बाहेर आईवर सोपवलेलं नाही. लंगोट ज्याचा त्याने रोज धुवायचा, दुसऱ्याचा वापरायचा नाही, हाही तिथला जुना दंडक.

आता कुस्ती गादीवरही आली. महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन्ही लढतात आणि दोन्हीकडचे विजेते अंतिम कुस्तीला समोरासमोर येतात. गादी म्हणजे फोम, वर रेक्झिनसारखं आवरण. मातीसारखी ती घाम पोटात घेत नाही. घाम वरच राहतो आणि पुढच्या पैलवानाच्या गालाला लागतो. ती उकरता येत नाही, पुसावीच लागते, सरावाच्या आधी आणि नंतर जंतुनाशकाने. आवरणाला भेग पडली की आतला फोम घाम प्यायला मोकळा. कुस्तीगिरांमध्ये नायटा आणि तोंडावर-मानेवर उठणारे नागिणीच्या नात्यातले हर्पिसचे फोड जगभर ओळखीचे आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९८९ साली एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना ते झाले होते. तो संसर्ग मुख्यतः अंगाला अंग घासून पसरला.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. वास मारणारे जिवाणू बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि रोग देणारे बहुतेक बिनवासाचे. वास गेला म्हणजे वस्तू स्वच्छ झाली असं नाही. पण ओल ज्यांना आवडते त्यांत दोघंही आले. अमेरिकन फुटबॉलमधल्या सेंट लुईस रॅम्स या संघात २००३ च्या मोसमात ५८ पैकी ५ खेळाडूंना औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफ जिवाणूचे गळू झाले. तपासणाऱ्यांना आढळलं की मैदानावर एकच टॉवेल तीन-तीन खेळाडू वापरत होते. भारतात गेल्या काही वर्षांत नायटा चिवट झाला आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या २०२० साली नाव मिळालेल्या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बऱ्याचदा चालत नाही. मांडीच्या सांध्यात घट्ट बसणारी, घामाने भिजलेली आणि उसनी घेतलेली कुठलीही वस्तू त्या बुरशीच्या सोयीची.

उसनं घेणं तर आपल्या खेळाचा पाया आहे. चांगला किट हजारोंत जातो. शाळेतून, क्लबमधून, मोठ्या भावाकडून खाली आलेल्या सामानावर मुंबईतले कित्येक जण शिकले. मेट्रो सिनेमासमोरच्या धोबी तलावच्या दुकानांत नवा किट काचेआड बघायचा आणि सिनियरचा जुना मागून घ्यायचा, हा क्रम अजून फारसा बदललेला नाही. आणि त्यात वावगं काही नाही, घेताना थोडं पारखलं की झालं. पॅडचा फोम दाबल्यावर परत वर येत असेल तर साबणपाणी आणि चार दिवसांचा वारा यांवर तो पुन्हा उभा राहतो. दाबल्यावर भुगा होत असेल तर कितीही धुतला तरी वास त्याच्या आत आहे. कातडी ग्लोव्हचा तळवा आतून काळा आणि निसरडा झाला असेल तर सोडून द्यावा. हेल्मेटवर चेंडू जोरात बसल्याची खूण असेल तर वासाचा प्रश्नच उरत नाही, ते घ्यायचंच नाही; नसेल तर कवच पुसून अस्तर नवं बसवावं. बूट पावलाला बसत असले तर आतले सोल बदलून चालतात.

राहिला गार्ड. क्लबच्या किटमध्ये ते एक किंवा फार तर दोन असायचे. बाद होऊन आलेला फलंदाज पॅड सोडण्याआधी तो काढून पुढच्याच्या हातात द्यायचा, आणि पुढचा तो न बघता चड्डीत सरकवायचा. दोघांनीही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. प्लॅस्टिकची वाटी साबणाने धुता येते, पण कडेची मऊ पट्टी आणि सोबतचा इलॅस्टिकचा सपोर्टर घाम आणि बुरशी दोन्ही जपून ठेवतो. तेवढा स्वतःचा, नवा घ्यावा. किटमधल्या स्वस्त वस्तूंपैकीच तो एक असतो.